तोच खंड्या, आठशे वेळा

प्रश्न: माझे पती वर्षभरापूर्वी निवृत्त झाले आणि त्यांनी पक्ष्यांचे फोटो काढायला सुरुवात केली. घरात बसून त्यांची चिडचिड वाढत होती, म्हणून मला आधी बरेच वाटले. आता मात्र हे पहाटे साडेचारला उठतात, अंधारातच बाहेर पडतात, दहाच्या सुमारास चिखलाने माखून परततात आणि संध्याकाळभर संगणकासमोर बसतात. मागच्या आठवड्यात मी सहज डोकावले, तर एकाच खंड्याचे आठशे फोटो! मला सगळे सारखेच दिसले. आता त्यांना आणखी मोठी लेन्स घ्यायची आहे. परवा ते फोनवर कुणाला तरी सांगत होते की, मोबाइलवर पक्ष्याची शीळ वाजवली की पक्षी आपणहून जवळ येतो. ते ऐकून मला कसेसेच वाटले. त्यांचा छंद मला बंद करायचा नाही, पण त्यात एवढे काय आहे, हे मला समजावून सांगाल का? 'तूही चल एकदा' असे ते सारखे म्हणतात. जावे का?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र वाचताना 'मला सगळे सारखेच दिसले' या वाक्यापाशी मी थांबले, कारण हेच वाक्य मी गेली कितीतरी वर्षे माझ्याही घरी ऐकत आले आहे. मी स्वतः याच नादातली आहे, तेव्हा माझे मत निःपक्षपाती नाही, हे आधीच सांगून टाकते. तरीही तुमचा प्रश्न रास्त आहे, आणि 'निसर्गाच्या सान्निध्यात मन रमते' असल्या गुळगुळीत उत्तरावर तुमची बोळवण करणे मला पटत नाही. निसर्गात रमायला कॅमेरा लागत नाही. दोन पाय आणि मोकळा वेळ पुरतो. खरे कोडे असे आहे की, पक्षी नुसत्या डोळ्यांना दिसत असताना माणूस तीन-चार किलोंचे ओझे खांद्यावर घेऊन त्याचा फोटो काढायला का जातो.

तुमच्या घरातल्या खंड्यापासूनच सुरुवात करू. छोटा खंड्या फांदीवरून पाण्यात सूर मारतो तेव्हा काठावर बसलेल्या माणसाला एक निळी रेघ दिसते, 'डुब्' असा बारीक आवाज येतो, आणि पाहावे तर पक्षी पुन्हा फांदीवर बसलेला असतो. मधले सगळे निसटून जाते. आजचे कॅमेरे सेकंदाला दहा-वीस चित्रे सहज घेतात आणि त्यातले एकेक चित्र सेकंदाच्या दोन हजाराव्या भागात किंवा त्याहूनही कमी वेळात उमटते. त्यामुळे सकाळी तुमच्या पतींच्या डोळ्यांदेखत जे घडले, ते त्यांनी खऱ्या अर्थाने पाहिलेले नसतेच; ते त्यांना पहिल्यांदा दिसते संध्याकाळी, पडद्यावर. एका चित्रात खंड्याचा डोळा काळाभोर असतो आणि पुढच्याच चित्रात दुधाळ झालेला असतो, कारण पाण्यात शिरताना डोळ्यावर एक पातळ, अर्धपारदर्शक पडदा ओढला जातो. पापण्यांव्यतिरिक्तचा हा तिसरा पडदा पक्ष्यांना असतो, हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि आपण स्वतः टिपलेल्या चित्रात तो सापडणे वेगळे. म्हणून संगणकासमोरची ती संध्याकाळ म्हणजे पक्षी पाहण्याची दुसरी फेरी असते, आणि माझे मत विचाराल तर या छंदातली खरी चैन तीच आहे. सकाळी माणूस हजर असतो आणि संध्याकाळी आपण कशाला हजर होतो ते त्याला कळते.

आता त्या आठशे फोटोंकडे पुन्हा एकदा पाहा. छोट्या खंड्याच्या चोचीचा खालचा भाग नारिंगी दिसला तर ती मादी आहे. पूर्ण चोच काळी असेल तर तो नर आहे. म्हणजे 'एकच खंड्या' हा मुळात दोन पक्ष्यांचा संसार असू शकतो. मग त्याच्या चोचीतला मासा पाहा. खंड्या स्वतः मासा खातो तेव्हा तो आधी फांदीवर आपटून निपचित करतो आणि डोक्याकडून गिळतो, म्हणजे खवले आणि पर घशात अडकत नाहीत. त्यासाठी माशाचे डोके त्याच्या घशाकडे वळवलेले असते. पण माशाचे डोके बाहेरच्या बाजूला असेल, तर तो मासा दुसऱ्या कुणाला तरी भरवायचा असतो. माझ्याकडे अशाच एका सकाळचे सहाशेच्या आसपास फोटो होते, त्यांतले बहुतेक टाकाऊ. पुसून टाकता टाकता एका हललेल्या, अस्पष्ट चित्रात मला माशाचे डोके बाहेरच्या बाजूला दिसले. मग मी पुसणे थांबवून मागचे सगळे पुन्हा चाळले, तर सकाळभरात तो नऊ वेळा मासा घेऊन उडाला होता आणि नऊही वेळा एकाच दिशेला गेला होता. ज्या मातीच्या दरडीला पाठ टेकून मी तीन तास आरामात बसले होते, तिच्याच पलीकडच्या अंगाला त्याच्या बिळाचे तोंड होते. दुसऱ्या दिवशी मी माझे बसण्याचे ठिकाण बरेच लांब, समोरच्या काठावर हलवले. सहाशे सारख्याच दिसणाऱ्या फोटोंनी मला जे सांगितले, ते एका सुंदर फोटोने कधीच सांगितले नसते.

या छंदाच्या ओढीचे दुसरे कारण थोडे कमी सोज्वळ आहे. त्याचे मूळ शिकारीत आहे. आम्ही बोलतो तीच भाषा ऐका ना: शॉट मिळाला, शॉट हुकला, आज पक्षी 'दिला' नाही, हातचा सुटला. एके काळी एखादा पक्षी नेमका कोणता हे नक्की करायचे म्हणजे तो गोळी घालून खाली पाडायचा आणि हातात घेऊन न्याहाळायचा, अशीच अभ्यासकांचीही रीत होती. फ्रेंच शास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे यांनी १८८२ साली उडत्या पक्ष्यांची चित्रे घेण्यासाठी जो कॅमेरा बनवला, त्याचा आकार थेट बंदुकीचा होता. खांद्याला लावून चाप ओढला की तो सेकंदाला बारा चित्रे घेत असे. इंग्लंडमधल्या रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी १८९२ साली अंड्यांसह एका घरट्याचा फोटो काढला आणि पुढे तर पक्ष्यांना संशय येऊ नये म्हणून पोकळ, बनावट बैल तयार करून त्याच्या पोटात बसून फोटो काढले. तुमचे पती चिखलाने माखून येतात तेव्हा हा बैल जरूर आठवा. त्यामानाने तुमच्या घरचे प्रकरण सौम्य आहे.

शिकाऱ्याला लागते ते सगळे इथे लागते. सावजाची रोजची वाट ओळखावी लागते, त्याच्या आधी जाऊन दबा धरावा लागतो, ऊन कोणत्या अंगाने येईल याचा हिशेब ठेवावा लागतो, श्वास रोखून बोट योग्य क्षणी दाबावे लागते. फरक इतकाच की, शेवटी पक्षी उडून जातो आणि उद्या पुन्हा त्याच फांदीवर येतो. बहुतेक वेळा तर बोट दाबण्याच्या आधीच उडतो. निम्म्याहून अधिक सकाळी माणूस हात हलवत परततो, आणि मला वाटते हीच गोष्ट त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा उठवते, कारण जे हटकून मिळते त्याच्यासाठी पहाटे साडेचारला कुणी उठत नाही. निवृत्त माणसाच्या बाबतीत यात आणखी एक गंमत असते. ज्याच्या शब्दावर इतकी वर्षे कामे झाली, त्याला इथे कुणी ओळखत नाही. त्याचा हुद्दा, वय, अनुभव यांतले काहीही पक्ष्याला कळत नाही. हे पहिल्यांदा जड जाते आणि नंतर फार हलके वाटते. पतींची चिडचिड कमी झाली असे तुम्ही थेट लिहिलेले नाही, पण ती तुमच्या आताच्या तक्रारींच्या यादीत नाही, हे मी पाहिले.

पहाटेच्या वेळेला आणि चिखलाला मात्र सरळ तांत्रिक कारणे आहेत. सूर्योदयानंतरचे एक-दोन तास ऊन तिरपे आणि मऊ असते, त्यामुळे पिसांचा पोत दिसतो आणि डोळ्यात उजेडाचा ठिपका उमटतो. तो ठिपका नसला तर जिवंत पक्षीही पेंढा भरल्यासारखा दिसतो. पुढे जमीन तापली की तिच्यावरची हवा थरथरू लागते, आणि लांबची लेन्स ती थरथरही पक्ष्याबरोबर मोठी करून दाखवते, म्हणून दहाच्या सुमारास घरी परतणे हा त्यांचा आळस नसून शहाणपणा आहे. चिखलाचे म्हणाल तर पाणथळीतला पक्षी उभ्याने टिपला की तो वरून पाहिलेल्या खेळण्यासारखा दिसतो आणि मागे नुसती चिखलाची भिंत येते. पोटावर झोपून कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या रेषेत आणला की मागचे सगळे धूसर होऊन पक्षी एकटा उठून येतो. कपड्यांबाबत माझा सल्ला इतकाच की, त्या कामाचे दोन जोड वेगळे ठेवावेत आणि ते धुण्याची जबाबदारी ज्याचा छंद त्याच्याकडे असावी.

लेन्सच्या बाबतीत मी तुमच्या बाजूने आहे, निदान या वर्षापुरती. मोठ्या लेन्सने फरक पडतो हे खरे आहे. तीनशे मिलिमीटरऐवजी सहाशे मिलिमीटरची लेन्स लावली की पक्षी चित्रात लांबीला दुप्पट आणि क्षेत्रफळाला चौपट होतो. पण पक्ष्यापासूनचे अंतर निम्मे केले तरी नेमके हेच घडते, आणि त्यासाठी पैसे नव्हे, सवय लागते: एका जागी न हलता बसण्याची, थेट चालून न जाता तिरपे सरकण्याची, पक्ष्याने मान ताणली किंवा अंग आक्रसले की तिथेच थांबण्याची. जो खंड्या आठशे फोटो काढेपर्यंत फांदीवर येत-जात राहिला, त्याच्यासमोर शांत बसणे तुमच्या पतींना जमू लागले आहे, असा माझा अंदाज आहे. शिवाय लेन्स जितकी लांब तितकी हाताची थरथर मोठी दिसते आणि मधल्या हवेतल्या धूळ-बाष्पाचा परिणामही तितकाच ठळक होतो; दूरच्या पक्ष्याचा वाईट फोटो मोठ्या लेन्सने पुष्कळदा मोठा वाईट फोटो होतो. त्यांना हवी ती लेन्स आठवडाभर भाड्याने किंवा एखाद्या स्नेह्याकडून घेऊन वापरू द्या. ती चार सकाळी हातात धरल्यावर, उचलून फिरवल्यावर, मागचा-पुढचा हिशेब ते स्वतःच करतील. एक वर्षानंतरही इच्छा कायम राहिली, तर मात्र मोडता घालू नका.

आता शिळेबद्दल. तुम्हाला कसेसेच वाटले ते अगदी योग्य वाटले, आणि या एका बाबतीत मी तुमच्या पतींना मुळीच सवलत देणार नाही. पक्षी शिळेने 'आपणहून' येत नाही. विणीच्या काळात नर गातो तो पुष्कळदा आपली हद्द सांगण्यासाठी. मोबाइलमधून तोच आवाज आला की हद्दीत दुसरा नर घुसला अशी त्याची खात्री होते, आणि तो चारा, जोडीदार, पिल्ले सोडून नसलेल्या शत्रूला हुसकायला धावतो. आपल्याला समोरच्या फांदीवर पिसे फुलवून बसलेला देखणा पक्षी दिसतो, पण तो खरे तर भांडायला आलेला, बिथरलेला जीव असतो. हाच प्रकार एका सकाळी चार फोटोवाल्यांनी केला तर त्याची सकाळच गेली. घरट्यासमोरच्या फांद्या मोडून जागा मोकळी करणे, रात्री घुबडाच्या डोळ्यांवर फ्लॅश मारणे, थवा उडतानाचे चित्र हवे म्हणून खडा टाकून तो उडवणे, हे सगळे त्याच जातीचे.

हे मी वरच्या पायरीवरून सांगत नाही. नवशिकी असताना मी टिटवीच्या अंड्यांचा फोटो काढायला गेले होते. टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते. खड्यांमध्ये ठेवलेली ती ठिपकेदार अंडी पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. जोडी डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होती आणि मी 'आणखी एकच' म्हणत कोन बदलत राहिले. त्या वेळी मला ठाऊक नव्हते की, कडक उन्हात टिटवी अंड्यांवर बसते ती ती उबवण्याइतकीच त्यांच्यावर सावली धरण्यासाठी, आणि कधी कधी पोटाची पिसे पाण्यात भिजवून येऊन ती अंडी गारही करते. मी त्या उन्हात तिला किती वेळ दूर ठेवले कोण जाणे. फोटो चांगला आला होता. मी तो आजतागायत कुणालाही दाखवलेला नाही. पतींशी बोलताना ही गोष्ट माझ्या नावावर सांगितलीत तरी चालेल. उपदेशापेक्षा दुसऱ्याची फजिती लवकर गळी उतरते.

याच संदर्भात ब्रिटिश छायाचित्रकार एरिक हॉस्किंग यांचे उदाहरण देण्यासारखे आहे. १९३७ साली ते रात्री घुबडाच्या घरट्याजवळच्या आपल्या आडोशाकडे चढत असताना घुबडाने झडप घातली आणि त्यात त्यांचा एक डोळा गेला. बरे झाल्यावर ते पुन्हा घुबडांचे फोटो काढायला गेले. हे मी तुम्हाला धीर देण्यासाठी लिहीत नाही, हे उघडच आहे. पण घरट्याजवळ जाण्यात धोका फक्त पक्ष्यालाच असतो असे नाही, एवढे यातून दोघांनाही कळावे.

आठशे फोटो साठवायचे कुठे, ही तुमची पुढची तक्रार असणार, म्हणून तिचेही सांगते. कॅमेऱ्यातून जसेच्या तसे निघालेले, आकार कमी न केलेले ('रॉ') एक चित्र सहज पंचवीस-तीस मेगाबाइटचे असते, म्हणजे तेवढ्या एका सकाळनेच वीस गीगाबाइटहून अधिक जागा खाल्ली. आठशेतले दहा ठेवावेत आणि बाकीचे त्याच आठवड्यात काढून टाकावेत. फक्त एक अपवाद करावा: ज्या फोटोत पक्षी नीट आला नाही, पण काहीतरी वेगळे करताना आला आहे, किंवा जो पक्षी तिथे एरवी दिसत नाही, तो फोटो कितीही धूसर असला तरी ठेवावा. २००२ साली सुरू झालेल्या ई-बर्डसारख्या पक्ष्यांच्या ऑनलाइन नोंदसंग्रहात तारीख आणि ठिकाण यांसह घातलेला असा ओबडधोबड फोटोही पुरावा म्हणून उपयोगी पडतो. पक्ष्याच्या पायात अभ्यासकांनी घातलेले रंगीत कडे असेल आणि त्यावरची अक्षरे फोटोत वाचता आली, तर तो पक्षी कुठून आला हेही कळू शकते. ज्यांना रोज स्पर्धेत टाकण्याजोगा फोटो हवा असतो, ते दोन वर्षांत कंटाळतात असे मी पाहिले आहे. नोंदी ठेवू लागलेली माणसे मात्र वर्षानुवर्षे टिकतात.

राहिला शेवटचा प्रश्न. जरूर जा, पण कॅमेरा घेऊ नका. साधी दुर्बीण न्या. आठ पट मोठे दाखवणारी आणि पुढच्या काचा बेचाळीस मिलिमीटरच्या असलेली, म्हणजे जिच्यावर '८×४२' लिहिलेले असते ती, नवख्या माणसाला सोयीची पडते. भडक रंगाचे कपडे टाळा, फोनचा आवाज बंद ठेवा, आणि पक्षी दिसला तर हात उंचावून बोट दाखवू नका, कारण अचानक वर झालेला हात पाहून तो उडतो. त्याऐवजी घड्याळाची भाषा वापरा: समोर सरळ बारा वाजले आहेत असे धरायचे आणि हळू आवाजात सांगायचे, 'दोन वाजता, पाण्याजवळ, वाळकी फांदी.' सहाशे मिलिमीटरच्या लेन्समधून पाहणाऱ्या माणसाला जेमतेम चार अंशांचे जग दिसत असते. हात लांब करून दोन बोटे डोळ्यांसमोर धरली तर जेवढे झाकले जाईल, साधारण तेवढे. त्याच्या बाहेर उजवीकडून काय येते आहे, ते त्याला कळतच नाही. माझ्या सोबत येणारी मैत्रीण फोटो काढत नाही, आणि गेल्या काही वर्षांत मी टिपलेले निम्मे पक्षी आधी तिला दिसले आहेत.

त्या सकाळी काही मिळाले नाही तर 'एवढ्यासाठी उठवलेत का' असे म्हणू नका, आणि संध्याकाळी ते संगणकासमोर बसले की शेजारी खुर्ची ओढून, त्यांनी वगळलेले फोटो आधी दाखवायला सांगा. चोचीचा खालचा भाग आणि माशाचे डोके, या दोन्ही गोष्टी कुठे पाहायच्या ते आता तुम्हाला ठाऊक आहे. त्यांनी त्या पाहिल्या आहेत की नाही, ते त्याच वेळी कळेल.